सहावा व्यायाम

"जावईबापू, तुम्ही माझा हात मोडलात," सासूबाई म्हणाल्या.

जेवणाच्या टेबलावर माझा लॅपटॉप उघडा होता आणि त्यात सासूबाई दोन्ही हात पसरून उभ्या होत्या. टेबलाच्या अलीकडेही सासूबाईच उभ्या होत्या. गळ्यात शिट्टी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि एक बोट पडद्यातल्या स्वतःच्या डाव्या खांद्यावर टेकवलेलं. पडद्याला कुणी बोट लावलेलं मला मुळीच खपत नाही. पण घर त्यांचं, टेबल त्यांचं आणि मी घरजावई, त्यामुळे मी ब्र काढला नाही.

"हा बघा. चालला वर, चालला, खांद्यापाशी आला आणि अडला. टक, टक. मग गेला. मी असा हात नेते का?"

"नाही आई. मधली चित्रं गळली आहेत."

"मग गोळा करा."

"गळलेली गोळा नाही करता येत."

"गाळायच्या आधी विचार करायला हवा होता," त्या म्हणाल्या आणि त्यांनी शिट्टी वाजवली. माझ्या कानापासून ती वीतभर अंतरावर होती.

सासूबाईंनी उभं आयुष्य शाळेत पी.टी. शिकवण्यात घालवलं. आसपासच्या चार गल्ल्यांत त्यांना शिट्टीबाई म्हणतात आणि हे त्यांना माहीत आहे. निवृत्त झाल्यावर लोक घड्याळ काढून ठेवतात, यांनी शिट्टी काढून ठेवली नाही. चहा झाला की शिट्टी, गॅसवर दूध उतू जायला लागलं की शिट्टी. मैदानावर शंभर हात एका वेळी वर गेले नाहीत तर त्या सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून करायला लावत. मात्र त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांचे जुने विद्यार्थी अजून सांगतात. शेवटचं मूल रेषेवर पोचल्याशिवाय पुढची शिट्टी वाजायची नाही. मग ते मूल गुबगुबीत असो, पाय मुरगळलेलं असो, की मुद्दाम रेंगाळणारं. बाई शिट्टी तोंडात धरून उभ्या राहायच्या आणि त्या मुलाकडे बघायच्याही नाहीत. बघितलं की पोरगं आणखी अडखळतं, असं त्यांचं म्हणणं.

सगळ्या जगाला अरे-तुरे करणाऱ्या या बाई मला मात्र अहो-जाहो करतात. जावयाचा मान ठेवायचा म्हणून ठेवतात, आणि मग त्या मानासकट मला झापतात. "तुम्ही गाढव आहात" हे वाक्य मी ज्या अदबीत ऐकलं आहे, त्या अदबीत फारच थोड्या गाढवांनी ऐकलं असेल.

आता या व्हिडिओच्या भानगडीत मी कसा पडलो ते सांगायला हवं. निवृत्तीनंतर सासूबाई दर आठवड्याला पलीकडच्या वृद्धनिवासात जाऊन तिथल्या मंडळींचा व्यायाम घेत असत. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गुडघा सुधारला, पण तीन मजले चढ-उतार करणं काही जमेना आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. वर्ग सुटला. गुडघ्याने नाही, पण त्या वर्ग सुटल्याने खचल्या. शिट्टी खिडकीच्या खिळ्याला अडकवली गेली. दूध उतू गेलं तरी घरात शांतता. खरं म्हणजे मी खूश व्हायला हवं होतं. पण खिडकीपाशी बसलेल्या, गळ्यात काही नसलेल्या त्या बाई मला बघवेनात. एका सकाळी मी म्हणालो, "आई, तुम्ही इथेच व्यायाम करा, आपण व्हिडिओ करून तिकडे पाठवू." ही बुद्धी मला कुठून झाली, याचा मी पुढे बराच शोध घेतला.

मी एका स्टुडिओत व्हिडिओ जुळवायचं काम करतो. लग्न, वाढदिवस, निरोप समारंभ, दुकानाचं उद्घाटन, जे येईल ते. लोकांनी शूट करायचं आणि मी ते बघण्यासारखं करायचं. आमचे मालक स्टुडिओचा कॅमेरा स्वतःच्या घरीसुद्धा नेत नाहीत, त्यामुळे शूटिंग सासूबाईंच्या फोनवर करायचं ठरलं. फोन त्यांच्यासारखाच निवृत्त झालेला, पण घरात टिकून असलेला.

व्हिडिओ म्हणजे भराभर दाखवलेली चित्रं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. सासूबाईंचा फोन सेकंदाला तीस चित्रं काढतो. म्हणजे काढतो असं तो सांगतो. प्रत्यक्षात तो तापला की दमतो, खोलीत अंधारलं की रेंगाळतो. दोन चित्रं एकमेकांना खेटून काढतो आणि तिसऱ्याच्या आधी भलीमोठी फट सोडतो. फोनवर बघताना हे कुणाच्या डोळ्यांना जाणवत नाही, कारण प्रत्येक चित्र कधी काढलं याची वेळ फोनने सोबत लिहून ठेवलेली असते आणि दाखवताना तो ती पाळतो.

अडचण होती ती वृद्धनिवासातल्या डब्याची. तिथल्या हॉलमधल्या टीव्हीला कुणीतरी देणगी दिलेला एक डबा जोडलेला आहे. माणसं वस्तू देणगी का देतात ते त्या डब्याकडे बघितलं की समजतं. त्याला सेकंदाला पंधराच्या वर चित्रं झेपत नाहीत. पहिला व्हिडिओ मी आहे तसाच पाठवला, तर चित्र चौथ्या व्यायामावर गोठलं आणि आवाज पुढे गेला. हॉलमध्ये लगेच दोन तट पडले. ज्यांना ऐकू येत होतं ते आवाजाप्रमाणे कमरेत वाकले आणि ज्यांना दिसत होतं ते चित्राप्रमाणे हात फिरवत राहिले. वाकलेल्या एका आजोबांना शेजारच्या आजींचा हात सणसणीत लागला. ते दोघं नंतर आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते, असं तिथल्या मेट्रनबाईंनी फोनवर सांगितलं.

तेव्हा तिसाची पंधरा करणं आलं. मी सोपा रस्ता धरला आणि एक सोडून एक चित्र गाळलं. तो व्हिडिओ बघून सासूबाईंनी विचारलं, "मी काय खड्ड्यांच्या रस्त्यावरून जाणाऱ्या बसमध्ये व्यायाम करते आहे?"

त्यांचं बरोबर होतं. चाल, वाकणं, मान वळवणं, सगळंच हिसके देत होतं. मी त्यांना समजावून सांगायला बसलो.

"आई, समजा शाळेच्या दारातून मुलं पळत बाहेर येत आहेत. कधी दोघं खेटून, कधी मध्ये मोठी फट. तुम्ही एक सोडून एक मूल घेतलंत, तर मैदानावर ती सारख्या अंतरावर दिसतील का?"

"कशी दिसतील? दारातच गोंधळ आहे."

"तेच माझं चुकलं. मोजून गाळलं. आता मी घड्याळ लावतो. म्हणजे तुमची शिट्टी समजा. सेकंदाला पंधरा वेळा, अगदी सारख्या ठेक्यात. शिट्टी वाजली की त्या क्षणी दाराच्या सगळ्यात जवळ जो असेल त्याला घ्यायचं. मग तो कितवा का असेना."

सासूबाईंनी विचार केला. "आणि दोन शिट्ट्यांच्या मध्ये जो आला त्याचं काय?"

"तो गेला."

"म्हणजे गैरहजर."

"हो."

"मग त्याची चौकशी कोण करतं?"

"कुणी नाही करत, आई. चित्र आहे ते."

"तुमच्या शाळेत मी नोकरी केली नसती," त्या म्हणाल्या.

पण इलाज लागू पडला. त्या दिवसापासून सासूबाई पडद्यावर लोण्यासारख्या हलायला लागल्या. दर आठवड्याला नवा व्हिडिओ जायचा. शिट्टी खिळ्यावरून उतरून गळ्यात आली, कॅनव्हासचे पांढरे बूट पुन्हा पॉलिश झाले, आणि दूध उतू जायचं थांबलं. सगळं सुरळीत झालं, फक्त सहावा व्यायाम सोडून. दोन्ही हात बाजूने उचलायचे, खांद्यांच्या रेषेतून डोक्यावर न्यायचे आणि हळू खाली आणायचे. एवढंच. पण दर वेळी डावा हात खांद्यापाशी आला की टक, टक.

मी हरलो नाही. माझा पहिला संशय होता की सहाव्या व्यायामापर्यंत फोन तापत असणार. म्हणून शूटिंगच्या वेळी मी फोनमागे उभं राहून त्याला वर्तमानपत्राने वारा घालायला लागलो. शेजारच्या काकूंनी एकदा दारातून हे बघितलं. सासूबाई घामाघूम होऊन व्यायाम करत आहेत आणि जावई फोनला वारा घालतो आहे. त्यांनी दार हळूच लावून घेतलं.

वाऱ्याने काही झालं नाही. मग मी दोन शेजारची चित्रं एकमेकांत मिसळून मधलं चित्र तयार केलं. "मला तीन हात आले," सासूबाई म्हणाल्या, "आणि तिसरा धुरकट आहे." मग मी त्यांना सहावा व्यायाम सगळ्यात आधी करायला सांगितला, फोन गार असताना. टक, टक.

"माझ्या भाच्याच्या नव्या फोनमध्ये म्हणे सगळं एकदम मऊ येतं," सासूबाई एकदा जेवताना वरणाच्या भांड्याला उद्देशून म्हणाल्या. "पुढच्या महिन्यापासून त्यालाच सांगावं म्हणते. तुम्हाला स्टुडिओची कामं असतात."

हे मला झोंबलं. हा भाचा अर्धवट खाल्लेल्या जेवणाचे फोटो काढतो. लग्नाआधी सासूबाईंनी माझ्या बायकोला विचारलं होतं, "हा मुलगा नेमकं करतो काय?" त्या प्रश्नाचं उत्तर मी इतकी वर्षं त्या घरात राहून देत होतो. आणि आता कुठे ते त्यांना पटायला लागलं होतं, तर एक डावा हात आडवा आला.

त्यातच मेट्रनबाईंचा फोन आला. वृद्धनिवासाच्या मंडळींना शिट्टीबाईंना प्रत्यक्ष भेटायचं होतं. रविवारी सकाळी वर्ग बघायला यावं, गाडी पाठवतो, जिना उतरायला दोन माणसं पाठवतो. "आणि बाईंना सांगा," त्या म्हणाल्या, "सहावा व्यायाम तर आमच्याकडे सगळ्यांचा लाडका आहे."

सासूबाईंनी त्या दिवशी कारण नसताना तीन वेळा शिट्टी वाजवली.

शनिवारी मला सुट्टी होती. मी ठरवलं की आज या टक-टकचा निकाल लावायचा. दोष फोनचा आहे हे पुराव्यानिशी सिद्ध करायचं, पुरावा सासूबाईंसमोर ठेवायचा आणि भाच्याचं नाव त्या घरातून कायमचं पुसायचं. त्या दुपारच्या झोपेत होत्या. मी फोनमधला मूळ व्हिडिओ घेतला, काहीही न गाळलेला, आणि सहावा व्यायाम एकेक चित्र पुढे सरकवत, प्रत्येकाची वेळ बघत तपासायला बसलो.

खांद्याची जागा आली. चित्रं ठेक्यात होती. मध्ये फट नव्हती, एकही गळलेलं नव्हतं. फोन बिचारा त्या जागी अगदी इमानाने काम करत होता. हात मात्र टक, टक.

मी पुन्हा मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं. आणि तेव्हा, इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा, मी उजव्या हाताकडे बघितलं.

उजवा हात सरळ वर जात होता. त्याच चित्रांत, त्याच क्षणी. चित्र गळतं तेव्हा सगळंच्या सगळं गळतं. उजवा हात ठेवून फक्त डावा गाळेल असा फोन अजून कुणी बनवलेला नाही. हे मला, ज्याचं पोटच या धंद्यावर चालतं त्याला, पहिल्या दिवशी दिसायला हवं होतं. पण मी चूक माझी किंवा फोनची, एवढंच धरून चाललो होतो. सासूबाईंचा हात चुकेल हे माझ्या डोक्यातही येणं शक्य नव्हतं.

मग मी गाळलेली सगळी चित्रं उघडून बघितली. गैरहजर मुलं. त्यांच्यात डाव्या हाताची बोटं थरथरत होती. चहात बिस्कीट बुडवताना त्या हल्ली डावा हात मांडीवर का ठेवतात ते मला कळलं. शर्टाची बटणं लावायला त्यांना वेळ का लागतो तेही कळलं.

म्हणजे मी निर्दोष होतो. पुरावा माझ्या समोर होता, चित्रागणिक वेळेसकट. आयुष्यात एकदाच मी सासूबाईंना चूक ठरवू शकत होतो, आणि मी लॅपटॉप बंद केला. मला फार वाईट वाटलं, इतकं की मी उठून उगाचच दूध तापवायला ठेवलं आणि ते उतू गेलं.

माझी बायको रेल्वेच्या चौकशीच्या खिडकीत बसते. दिवसभर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देऊन घरी आली की ती कुठल्याही प्रश्नाला उत्तर देत नाही. भाजी कुठली करायची, पंखा लावू का, काहीही विचारा, ती नुसती बघते. त्या संध्याकाळी तिने चप्पल काढायच्या आत मी तिला बाल्कनीत नेलं आणि सगळं सांगितलं. मग विचारलं, "आईंना सांगायचं का?"

तिने उत्तर दिलं. "सोमवारी डॉक्टरांकडे नेऊ. सांगूही सोमवारीच. उद्या नको. उद्या तिचा दिवस आहे."

"पण उद्या तिथे सहावा व्यायाम होणार. व्हिडिओ लावणार. सगळ्यांसमोर त्यांचा हात..."

"मग तो होणार नाही असं बघ," ती म्हणाली आणि आत गेली. खिडकी बंद झाली.

मी लगेच मेट्रनबाईंना फोन केला. "उद्या सहावा व्यायाम वगळता येईल का?"

"अहो, असं कसं? तो तर आम्ही खास शेवटी ठेवला आहे."

रविवारी सासूबाई जिना उतरल्या त्या एखाद्या पाहुण्या मुख्याध्यापिकेच्या थाटात. दोन माणसं धरायला होती, पण त्यांनीच त्या दोघांना ठेक्यात पावलं टाकायला लावली. हॉलमध्ये वीसेक मंडळी खुर्च्यांपुढे रांगेत उभी होती. सासूबाईंना बाजूला मानाची खुर्ची होती. आजचा वर्ग पडद्यावरच्या बाई घेणार आणि खऱ्या बाई बघणार, असा मेट्रनबाईंचा बेत. टीव्ही सुरू झाला. पडद्यावर शिट्टी वाजली आणि खुर्चीतल्या सासूबाईंची मानही आपोआप ताठ झाली.

मी डब्याच्या दिशेने सरकलो. तिथे बँडवाले आजोबा उभे होते. हे जन्मभर बँडमध्ये ढोल वाजवायचे आणि इथे त्यांनी डब्याची राखण स्वतःहून अंगावर घेतली होती.

"हात नका लावू," ते म्हणाले. "रुसतो तो."

"तारा जरा सैल वाटतात."

"सैलच आहेत. म्हणून तर सांगतो."

पाच व्यायाम झाले. मंडळी कमरेत वाकत होती, मान फिरवत होती, आणि सासूबाई खुर्चीच्या कडेवर येऊन बसल्या होत्या. "तिसऱ्या रांगेत कोपर वाकतंय," असं त्या पुटपुटल्या आणि त्यांचा चेहरा मला वर्षानुवर्षांत दिसला नव्हता इतका तरुण दिसला. मग पडद्यावरच्या बाई म्हणाल्या, "व्यायाम सहावा." मी बूट बांधायच्या निमित्ताने खाली बसलो आणि भिंतीतली पिन ओढली.

पडदा काळा झाला. मी घाम पुसला.

"रुसला," बँडवाले आजोबा म्हणाले. "असू दे. हा तर आपल्याला पाठ आहे. चला मंडळी."

त्यांनी खुर्चीच्या पाठीवर बोटांनी ठेका धरला आणि हॉलमधले चाळीस हात बाजूने वर निघाले. खांद्याच्या रेषेत आले. उजवे सगळे सरळ वर गेले. डावे सगळे थांबले. आजोबांनी खुर्चीवर वाजवलं, टक, टक, आणि वीसच्या वीस डावे हात एका दमात डोक्यावर गेले. एकाचीही चूक नाही. सासूबाईंनी शाळेत शंभर मुलांकडून करून घेतलं असेल तितकं नेमकं.

ते सगळे शाबासकीची वाट बघत होते.

"हे असं थांबायचं," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "हे कुणी शिकवलं?"

"तुम्हीच की बाई," पहिल्या रांगेतल्या आजी म्हणाल्या.

"दर आठवड्याला बघून बघून बसवलं," बँडवाले आजोबा म्हणाले. "आधी आम्हाला कळेना डावाच का. मग मी म्हटलं, डावीकडे हृदय असतं, त्याला जरा दम खायला देतात बाई. फार विचार करून बसवलेला व्यायाम आहे."

मी पिन हातात घेऊन उभा राहिलो. "चूक माझी आहे, आई," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "माझ्याकडून चित्रं गळली. त्यामुळे तसं दिसलं. बाई तसा हात नेत नाहीत."

वीस जणांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की भाचा परवडला. सासूबाईंनी मात्र माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी शिट्टी तोंडाला लावली. "पुन्हा एकदा," त्या म्हणाल्या. हात पुन्हा वर गेले. या वेळी त्यांची नजर डाव्या हातांवरून निघून उजव्या हातांवर गेली, आणि पुन्हा डाव्यांवर आली. त्यांचा स्वतःचा डावा हात मांडीवर पर्सखाली होता.

"उत्तम," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या रांगेने कोपर सांभाळा."

परत येताना बायको पुढे ड्रायव्हरशेजारी बसली आणि आम्ही दोघं मागे. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"जावईबापू, चित्र गळतं ते पूर्ण गळतं ना?"

"म्हणजे, आई?"

"म्हणजे उजवा हात राहिला आणि डावा तेवढा गळला, असं होतं का?"

"कधी कधी फोन तापला की..."

"खोटं बोलू नकोस."

त्यांनी मला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं होतं. पुढच्या आरशात बायकोचे डोळे दिसले आणि तिने ते लगेच रस्त्याकडे वळवले.

"नाही होत," मी म्हणालो.

"मग सगळ्यांसमोर तुझी चूक आहे असं का म्हणालास?"

"सवय झाली आहे, आई."

त्या हसल्या. चांगल्या मोठ्याने हसल्या, ड्रायव्हरने वळून बघितलं. मग त्यांनी पर्स बाजूला केली आणि डावा हात मांडीवर उताणा ठेवून त्याच्याकडे बघत बसल्या. वर्गात नव्याने आलेल्या मुलाकडे बघावं तशा. "मला वाटलं कप जड आहेत," त्या म्हणाल्या. "तुम्हा दोघांना सांगणारच होते की हलके कप आणा."

सोमवारी डॉक्टरांनी तपासलं आणि दुखण्याला एक लांबलचक नाव दिलं. सासूबाईंनी ते हजेरी घेतल्यासारखं एकदा स्पष्ट उच्चारून बघितलं. गोळ्या आल्या, हलके कप आले. हे थांबणारं नाही, हळूहळू वाढणारं आहे, हेही डॉक्टरांनी सांगितलं, आणि ते ऐकताना बायकोने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठले. घरी आल्यावर शिट्टी पुन्हा खिळ्याला गेली. आठवडाभर ती तिथेच होती, आणि मी येता-जाता तिच्याकडे बघत होतो.

पुढच्या रविवारी सकाळी माझ्या कानापाशी शिट्टी वाजली.

"उठा. फोन लावा. सहावा व्यायाम पुन्हा घ्यायचा आहे."

"आई, मी तो काढूनच टाकतो. पाच पुरे आहेत."

"आणि तिकडे वीस माणसं टक-टक करतात त्यांचं काय? त्यांना या वयात सांगू की शिकलात ते चुकीचं शिकलात? तो व्यायाम तसाच आहे. मी नीट सांगितला नव्हता, एवढंच. आज नीट सांगते." मग दाराकडे जाता जाता त्या म्हणाल्या, "आणि भाच्याला मी काही बोलले नव्हते. उगाच घाबरला होतात."

मी फोन शिवणयंत्रावर उभा केला आणि सवयीने वर्तमानपत्र हातात घेतलं. त्या भिंतीपुढे उभ्या राहिल्या. पांढरे बूट, ताठ पाठ.

"व्यायाम सहावा," त्या फोनकडे बघून म्हणाल्या. "दोन्ही हात बाजूने वर. उजवा सरळ जाईल. डावा खांद्यापाशी थांबेल. त्याला थांबू द्यायचं. ओढायचं नाही. सुरू."

हात निघाले. उजवा डोक्यावर जाऊन उभा राहिला. डावा खांद्यापाशी आला आणि थांबला. टक, टक झालं, पण तो वर गेला नाही. बोटं थरथरली, मग मनगट. मला वाटलं फोन बंद करावा. मी वारा घालायचा थांबलो.

सासूबाईंनी त्या हाताकडे बघितलं नाही. शिट्टी तोंडात धरून, समोर नजर लावून त्या उभ्या होत्या.

हात हळूहळू वर पोचला. मग शिट्टी वाजली.